आरोग्यविम्याचें कार्ड कसें वाचावें

(मंडळ्यांतील साप्ताहिक वर्गांसाठीं पाठ)
शास्त्रवाचन : लूक १०:२५-३७, एज्रा २:५९-६३



ह्या वेळीं एका लहानशा कार्डाविषयीं लिहीत आहें. वर्गाच्या चालकांनीं हा पाठ घेण्यापूर्वीं घरोघरीं निरोप द्यावा कीं, पेटींत, फडताळांत अगर शास्त्राच्या पानांत जपून ठेविलेलें आरोग्याचें कार्ड, शिधापत्रिका व आधारपत्र हीं तिन्हीं प्रत्येकानें बरोबर आणावीं. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं, ज्यांस येत नाहीं त्यांच्या शेजारीं बसावें. हा पाठ कार्ड हातांत धरूनच शिकावयाचा आहे.

हा पाठ लिहिण्याचें कारण माझीच एक चूक होय. रामटेक येथील आमच्या मंदिराच्या ओसरीवर मीं एका रविवारीं उपासनेनंतर एका तरुणास मोबाईल देऊन बसविलें, आणि मंडळींतील चाळीस माणसांचीं कार्डें काढविलीं. कार्डावर चौदा अंकी क्रमांक होता, फोटो होता, सरकारी मुद्रा होती. "आतां आजारपणाच्या खर्चाची चिंता नको," असें मीं पुढच्या रविवारीं व्यासपीठावरून सांगितलें. कांहीं महिन्यांनीं मंडळींतील एका गवंडी बंधूंच्या छातींत कळ आली. त्यांस नागपुरास नेण्यांत आलें. तेथील एका रुग्णालयांत त्यांच्या पत्नीनें तें कार्ड पदराच्या गांठींतून सोडून आरोग्यमित्रापुढें ठेविलें. आरोग्यमित्र पाहून म्हणाला, "बाई, हें आभा कार्ड आहे. योजनेचें कार्ड वेगळें असतें. शिधापत्रिका आणली आहे काय?"

शिधापत्रिका रामटेकास पेटींत होती. ती आणविली, तों तींत बंधूंचें नांव शामराव, आणि आधारपत्रावर बाप्तिस्म्याचें नांव शमुवेल. नांवाचा मेळ बसेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांतील तपासण्या व औषधें ह्यांसाठीं बाईंनीं गळ्यांतील सोन्याचे मणी गहाण टाकले. देवाच्या दयेनें बंधु वांचले, व त्यांची शस्त्रक्रिया शेवटीं योजनेंतूनच झाली. परंतु मणी अद्याप सावकाराकडे आहेत. "पाळकसाहेब, तुम्हीच तर सांगितलें होतें," एवढेंच त्या बाई मला म्हणाल्या. त्यानंतर मीं कार्ड वाचावयास शिकलों. जें शिकलों तें खालीं देत आहें.

१. कार्डामागचें वचन

शोमरोन्याच्या दाखल्यांत आपण बहुधा याजक, लेवी व शोमरोनी ह्यांच्याकडेच पाहतों. आज उतारशाळेच्या धन्याकडे पाहूं या. अर्धमेल्या जखमी मनुष्याजवळ पैसा नव्हता. लुटारूंनीं त्याचीं वस्त्रेंहि नेलीं होतीं. शोमरोन्यानें दोन नाणीं देऊन त्याला धन्याच्या हवालीं केलें, आणि ह्यापेक्षां अधिक खर्च झाल्यास परत येतांना आपण तो फेडूं असें वचन दिलें. धन्यानें त्या वचनावर जखमी मनुष्याची शुश्रूषा पत्करली. खर्च एकानें भरावा, शुश्रूषा दुसऱ्यानें करावी, आणि रोग्याच्या उशाशीं पैशाची बोलणी होऊं नये, ही जी व्यवस्था तिलाच आजच्या भाषेंत रोकडरहित उपचार म्हणतात.

आपल्या राज्यांत ही व्यवस्था टप्प्याटप्प्यानें झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भांतील गडचिरोली व अमरावती हे जिल्हे होते. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती सर्व महाराष्ट्रास लागू झाली व नागपूर जिल्हाहि तींत आला. २०१७ मध्यें तिला महात्मा जोतीराव फुले ह्यांचें नांव मिळालें. ह्या महापुरुषानें लहानपणीं पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिक्षण घेतलें होतें, हें आपल्या मंडळ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. इकडे केंद्र सरकारनें २३ सप्टेंबर २०१८ रोजीं आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू केली. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रांत ह्या दोन्ही योजना जोडून चालूं लागल्या. पुढें २८ जुलै २०२३ च्या शासननिर्णयानें राज्यांतील सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांस दरसाल पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण देण्याचें ठरलें, आणि १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी झाली. पूर्वीं पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेचा जो प्रश्न असे तो ह्यामुळें मिटला. पांढरी शिधापत्रिका असलेलें कुटुंबहि आतां योजनेंत आहे. रोग्याच्या कुटुंबास कांहीं हप्ता भरावा लागत नाहीं. तो भार शासनावर आहे.

तेव्हां कार्ड म्हणजे धर्मादाय भिक्षा नव्हे. आपल्या नांवें दुसऱ्यानें दिलेलें तें वचन आहे. परंतु उतारशाळेच्या धन्यास तो मनुष्य कोण हें डोळ्यांपुढें दिसत होतें. आज धनी नांव, फोटो व क्रमांक पाहून मनुष्य ओळखतो. म्हणून कार्डावरची प्रत्येक ओळ खरी व जुळती असली पाहिजे.

२. कोणतें कार्ड हातांत आहे?

पहिली चूक येथेंच होते, म्हणून प्रत्येकानें आपलें कार्ड समोर धरून पुढील भेद पाहावा.

आयुष्मान कार्ड : ह्यावर प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचें नांव असतें, महाराष्ट्रांतील कार्डावर महात्मा फुले योजनेचें नांवहि पाहावयास मिळतें. उपचाराचा हक्क दाखविणारें कार्ड हें होय.

आभा कार्ड : आभा हा चौदा अंकांचा आरोग्यखात्याचा क्रमांक आहे. आपल्या तपासण्यांचे अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या एका ठिकाणीं जोडून ठेवण्यास तो उपयोगी पडतो. तो काढणें वाईट नाहीं. पण त्यावर विम्याचा एक रुपयाहि मिळत नाहीं. माझ्या चाळीस कार्डांची गोष्ट हीच होती.

शिधापत्रिका : आयुष्मान कार्ड अद्याप निघालें नसेल तरी धीर सोडूं नये. वैध शिधापत्रिका व फोटो असलेलें ओळखपत्र ह्यांच्या आधारेंहि महात्मा फुले योजनेखालीं रोग्याची नोंद होते. म्हणून शिधापत्रिका हें केवळ धान्य आणण्याचें पुस्तक समजूं नये.

वय वंदना कार्ड : २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं सत्तर वर्षें व त्यापुढील सर्व वृद्धांसाठीं हें स्वतंत्र कार्ड सुरू झालें. ह्यांत मिळकतीची अट नाहीं. ज्या कुटुंबास आयुष्मान योजनेचें संरक्षण आधींच आहे, त्यांतील वृद्धांस पांच लाखांचें निराळें संरक्षण मिळतें. त्यांत घरांतील इतरांचा वांटा नाहीं. आमच्या वृद्ध भगिनी पुष्कळदां म्हणतात, "माझ्यासाठीं लेकरांचे पैसे कशाला संपवितां?" त्यांस हें मुद्दाम समजावून सांगावें.

कामगार विम्याचें व कंपनीचें कार्ड : बुटीबोरी, हिंगणा वगैरे ठिकाणीं कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या तरुणांपैकीं कांहींकडे कर्मचारी राज्य विमा योजनेचें कार्ड असतें. हा विमा मूळ १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेला असून त्याचा क्रमांक दहा अंकी असतो, व त्याचीं रुग्णालयें वेगळीं असतात. दुसऱ्या कांहींकडे खाजगी विमा कंपनीचें कार्ड असतें. त्यावर चार गोष्टी पाहाव्या : पॉलिसीचा क्रमांक, विमा कोणकोणाचा आहे त्यांचीं नांवें, मुदत कोणत्या तारखेस संपते ती तारीख, आणि दूरध्वनीचा क्रमांक. मुदत संपलेलें असें कार्ड, वात आहे पण तेल नाहीं अशा दिव्यासारखें असतें.

३. आयुष्मान कार्ड ओळीओळीनें

आतां आयुष्मान कार्ड हातांत घ्या व बोट ठेवून वाचा.

नांव : हें आधारपत्रावरील नांवाशीं अक्षर न अक्षर जुळतें काय? बापाचें किंवा पतीचें नांव व आडनांव ह्यांचा क्रमहि पाहावा.

जन्मवर्ष : खेड्यांतील पुष्कळ वृद्धांचें जन्मवर्ष कोणीतरी अदमासानें लिहिलेलें असतें. कार्डावर एक व आधारपत्रावर दुसरें वर्ष असेल तर आजच टिपून ठेवा. सत्तर वर्षांच्या हक्काचा निर्णयहि आधारपत्रावरील वयावरच होतो.

लिंग व फोटो : घाईघाईनें भरलेल्या माहितींत स्त्रीच्या ठिकाणीं पुरुष असें पडल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. फोटो फार जुना असून ओळख पटत नसेल तर तेंहि लिहून ठेवा.

योजनेचा क्रमांक : अक्षरें व अंक मिळून नऊ स्थानांचा जो क्रमांक असतो तो योजनेंतील आपला स्वतःचा क्रमांक होय. नव्या कार्डांवर आभाचा चौदा अंकी क्रमांकहि छापलेला आढळतो. दोहोंची गल्लत करूं नये. हा नऊ स्थानांचा क्रमांक घरांतील वहींत लिहून ठेवावा, म्हणजे कार्ड हरवलें तरी शोध लागतो.

चौकोनी काळें चिन्ह : ठिपक्यांचा जो चौकोन दिसतो त्यास क्यूआर कोड म्हणतात. यंत्रानें तो वाचला कीं कार्ड खरें कीं खोटें हें कळतें. म्हणून कार्ड दुमडूं नये, व त्या चौकोनावर शाई, हळद किंवा तेल लागूं देऊं नये.

दूरध्वनीचा क्रमांक : केंद्राच्या योजनेसाठीं १४५५५ व महात्मा फुले योजनेसाठीं १५५३८८ हे क्रमांक निःशुल्क आहेत. मंडळीच्या सूचनाफलकावर ते मोठ्या अक्षरांत लिहावे.

कार्ड प्रत्येक माणसाचें वेगळें असतें. आईचें कार्ड आहे म्हणून लेकराचें काम भागेल असें समजूं नये. नवें लेंकरूं जन्मलें अगर सून घरांत आली कीं तिचें किंवा त्याचें नांव आधीं शिधापत्रिकेंत घालावें.

४. नांवाचा मेळ

एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत बाबेलहून परतलेल्या लोकांची यादी आहे. तींत अशीं कांहीं घराणीं होतीं कीं, ज्यांनीं आपलीं नांवें वंशावळींच्या पुस्तकांत शोधलीं पण तीं सांपडलीं नाहींत. आणि याजकांचे वंशज म्हणविणारांस त्यामुळें याजकपणापासून दूर राहावें लागलें. मनुष्यें खरींच होतीं, प्रवासहि त्यांनीं सर्वांबरोबर केला होता. अडले ते लेखापाशीं.

आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न इतरांपेक्षां अधिक बिकट आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं आपण नवें नांव घेतों. शिधापत्रिकेंत जुनें नांव राहतें, शाळेच्या दाखल्यांत तिसरेंच असतें. एकच नांव कोठें याकोब, कोठें जेकब. कोठें मरीया, कोठें मेरी. कोठें शमुवेल, कोठें सॅम्युअल. प्रभूच्या पुस्तकांत आपलें नांव लिहिलें आहे ह्याविषयीं आपणांस खात्री आहे, व ती असावी. पण रुग्णालयाचा लेखनिक तें पुस्तक पाहत नाहीं, आणि मंडळीच्या बाप्तिस्मा-वहींतील नांवहि तेथें पुरत नाहीं. तो आधारपत्र व शिधापत्रिका पाहतो.

म्हणून उपाय असा : प्रथम ठरवा कीं आपलें एकच नांव कोणतें ठेवावयाचें, व त्याची एकच अक्षररचना कोणती. मग शिधापत्रिकेंतील दुरुस्तीसाठीं तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेंत अर्ज करावा. आधारपत्राची दुरुस्ती आधार केंद्रांत होते. नांव पूर्णपणें बदलावयाचें असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रांत तो बदल प्रसिद्ध करण्याची रीत आहे. हें काम निरोगी असतांना करावें. खाटेवर पडल्यावर रोग्यास तहसिलींत जातां येत नाहीं, व त्याची शुश्रूषा करणारासहि सवड नसते. पाळकबंधूंसहि माझी विनंति आहे : बाप्तिस्म्याच्या आनंदांत नवें नांव देतांना, कागदोपत्रींचें नांव काय राहील ह्याचा विचार त्याच दिवशीं त्या कुटुंबाबरोबर करा.

५. कार्डावर न दिसणाऱ्या गोष्टी

पहिली : पांच लाख ही रक्कम साऱ्या कुटुंबाची मिळून एका वर्षाची आहे. घरांत पांच कार्डें आहेत म्हणून पंचवीस लाख झाले असें नाहीं. वर्षांत एकाच्या उपचारास जें लागलें तें वजा जाऊन उरलेलें इतरांस राहतें. उरलेली रक्कम कार्डावर छापलेली नसते. ती आरोग्यमित्रास विचारावी.

दुसरी : प्रत्येक रुग्णालय योजनेंत नाहीं. शेजारच्या दोन रुग्णालयांपैकीं एक असेल व दुसरें नसेल. योजनेंत असलेल्या रुग्णालयालाहि सर्व प्रकारच्या उपचारांची मान्यता असतेच असें नाहीं. रामटेक तालुक्यांतून नागपूर सुमारें पन्नास किलोमीटर. देवलापार, पवनीकडील वस्त्यांस त्याहून दूर. एवढा प्रवास करून चुकीच्या दारीं उभें राहण्यापेक्षां निघण्यापूर्वीं वरील क्रमांकावर विचारून घेणें बरें. उत्तरेकडील सीमेवरचे जे लोक मध्यप्रदेशांत सिवनीकडे उपचारास जातात त्यांनीं तर आपलें कार्ड तेथें चालेल काय हें आधींच पक्कें करावें.

तिसरी : उपचारांची ठरीव यादी आहे. २०२३ च्या निर्णयांत १,३५६ उपचार धरले होते, व यादींत वेळोवेळीं फेरफार होतात. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, भाजणें, अस्थिभंग अशीं मोठीं दुखणीं तींत आहेत. कांहीं उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठीं राखून ठेविले आहेत. त्यांसाठीं नागपुरांतील मेडिकल किंवा मेयो येथें जाणें हाच मार्ग. साधा ताप, खोकला, बाहेरच्या बाहेर घेतलेलें औषध ह्यांसाठीं हें कार्ड नाहीं. त्यांस आपलें प्राथमिक आरोग्य केंद्र आहे.

चौथी : जुनें दुखणें आहे म्हणून हक्क जात नाहीं. मधुमेह किंवा हृदयविकार कार्ड निघण्यापूर्वींचा असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. कुटुंबांत माणसें किती व कोणत्या वयाचीं ह्यांसहि मर्यादा नाहीं. आयुष्मान योजनेंत भरती होण्यापूर्वींच्या तीन दिवसांचा व घरीं सोडल्यानंतर पंधरा दिवसांपर्यंतचा त्या उपचारासंबंधींचा औषधोपचारहि धरलेला आहे. घरीं सोडतांना पुढचीं औषधें मागून घेण्यास संकोचूं नये.

६. रुग्णालयाच्या दारांत

आंत शिरतांच पहिला प्रश्न हा : "आरोग्यमित्र कोठें बसतात?" पैसे भरण्याच्या खिडकीकडे मागाहून जावें. कार्ड, शिधापत्रिका व आधारपत्र ह्यांच्या मूळ प्रती दाखवाव्या, पण हातच्या सोडूं नयेत. ठेवून घेण्यासाठीं नकला द्याव्या.

दुखणें निकडीचें असेल तर कागदांसाठीं रोग्यास खोळंबूं देऊं नये. अशा वेळीं दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची व कागद मागाहून देण्याची तरतूद आहे. आमच्या गवंडी बंधूंच्या वेळीं हें आम्हांपैकीं कोणासहि ठाऊक नव्हतें. ठाऊक असतें तर आम्हीं विचारलें असतें.

योजनेंतील उपचारासाठीं कोणी पैसे मागितल्यास भांडूं नये व गप्पहि राहूं नये. ते कशासाठीं हें विचारावें, दिल्यास पावती घ्यावी, आणि वरील क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मोबाईलवर आलेला गुप्त क्रमांक, ज्यास ओटीपी म्हणतात, तो रुग्णालयाबाहेरच्या अनोळखी माणसास सांगूं नये. आणि आपलें कार्ड दुसऱ्याच्या उपचारासाठीं उसनें देऊं नये. दयेपोटीं केलेलें असलें तरी तें असत्यच आहे, व त्याची झळ आपल्याच लेकरांच्या रकमेस लागते.

७. मंडळीचें कर्तव्य

आमचे वडीलधारे सांगत कीं, मिशनरी डॉक्टरांच्या काळीं पाळकाची चिठ्ठी घेऊन मनुष्य नागपुरास मुरे मेमोरियल रुग्णालयांत जाई व चिठ्ठी ओळखली जाई. त्या काळीं पाळकाचें अक्षर हेंच गरिबाचें कार्ड होतें. आज माझ्या चिठ्ठीस तें मोल नाहीं, आणि नसावें हेंच योग्य. कारण हक्क हा कोणा पाळकाच्या मर्जीवर राहूं नये. पण पाळकाचें व मंडळीचें काम त्यामुळें संपलें नाहीं. पूर्वीं आम्ही चिठ्ठी लिहीत होतों. आतां दुसऱ्याचें कार्ड वाचून दाखवूं या.

प्रत्येक वस्तीसाठीं एक वाचणारा व एक बरोबर फिरणारा असे दोघे नेमावे. त्यांनीं घरोघर जाऊन वहींत लिहावें : माणसें किती, आयुष्मान कार्डें किती, आभा कार्डें किती, शिधापत्रिकेंत नांव कोणाचें नाहीं, अक्षरें कोणाचीं जुळत नाहींत, सत्तरीपुढचें कोण आहे. आधारपत्राचे क्रमांक मात्र त्या वहींत उतरवूं नयेत. तो ज्याचा त्याचा ठेवा आहे. मग महिन्यांतून एक दिवस ठरवून, ज्यांची दुरुस्ती आहे अशा सर्वांनीं मिळून तहसिलींत जावें. एकट्या विधवेस ज्या खिडकीपाशीं तीन खेपा घालाव्या लागतात तेथें दहा जण बरोबर गेले तर काम लौकर उरकतें.

आमच्या येथें हें काम सुरू झालें आहे. ज्यांचे मणी गहाण आहेत त्या बाईच आमच्या वस्तींत फिरणाऱ्या झाल्या आहेत. त्यांस वाचतां येत नाहीं. त्यांची शाळेंत जाणारी मुलगी वाचते. दारांत उभ्या राहून त्या पहिला प्रश्न एकच करतात, "आयुष्मान कीं आभा?" आतांपर्यंत अकरा घरें झालीं. मणी सोडविण्यासाठीं मंडळीनें वर्गणी सुरू केली आहे, आणि तींत पहिली रक्कम माझी असणें न्यायाचें होतें.

विचारासाठीं प्रश्न

१. उतारशाळेच्या धन्यानें कोणाच्या वचनावर विश्वास ठेविला? आपल्या उपचाराच्या बाबतींत तें वचन कोणाचें आहे?
२. तुमच्या हातांतील कार्ड कोणतें? तें कशावरून ओळखलें?
३. कार्ड, शिधापत्रिका व आधारपत्र ह्या तिहींवर तुमचें नांव व जन्मवर्ष जुळतें काय? जुळत नसल्यास केव्हां व कोठें दुरुस्त कराल?
४. तुमच्या शेजारीं असा कोण आहे कीं ज्याचें कार्ड वाचणारें घरांत कोणी नाहीं?

प्रार्थना : हे प्रभो, जखमी मनुष्याजवळून पुढें न जाण्याची बुद्धि आम्हांस दे. ज्यांस अक्षर कळत नाहीं त्यांच्यासाठीं आमचे डोळे, व ज्यांस खिडकीपाशीं बोलतां येत नाहीं त्यांच्यासाठीं आमची जीभ उपयोगीं लाव. आमच्या अज्ञानानें ज्यांस तोटा झाला त्यांची भरपाई करण्याची इच्छा व शक्ति आम्हांस दे. आमेन.